फोक, खटका आणि फास

जमिनीत घट्ट उभी असलेली हिरवी फोक वाकवायची, तिच्या शेंड्याला दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला सरकता फास करायचा आणि हा सगळा ताण एका छोट्या खुंटीच्या खाचेत अडकवून ठेवायचा, की झाला खटक्याचा फास. जनावराचा पाय किंवा मान फासात येते, खुंटी निसटते, फोक झटक्यात सरळ होते आणि फास आवळला जातो. जंगलात एकट्याने तग कसा धरावा हे शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत आणि व्हिडिओंत हा फास असतो. अमेरिकी सैन्याच्या जगण्याच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतही त्याची आकृती आहे. रानवाटांची ओढ असलेल्या मुलामुलींना त्याचं आकर्षण वाटावं यात नवल नाही, कारण चाकू आणि दोरी एवढ्याच भांडवलावर हातात एक यंत्र येतं.

या यंत्राची करामत खरोखर समजून घेण्यासारखी आहे. पण वर्धा जिल्ह्याच्या आसपास ज्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या फासावर चाललं, त्या फासेपारध्यांची विद्या पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. काठी आणि दोरी हा त्या विद्येतला सर्वांत लहान भाग होता. आणि आज याच जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याच्या रानात वाट चुकलेल्या माणसाचा जीव फासाने वाचत नाही, हेही तितकंच खरं आहे.

आधी यंत्र पाहू. वाकवलेल्या लाकडात ऊर्जा साठते. समजा, फोकेचा शेंडा मीटरभर खाली ओढायचा आहे. सुरुवातीला जोर जवळजवळ लागतच नाही, पुढे तो वाढत जातो आणि शेवटी पाच किलो वजनाइतका होतो. सरासरी अडीच किलो धरली तर या ओढण्यात सुमारे २५ ज्यूल ऊर्जा फोकेत जमा झाली. दोन किलोचं जनावर मीटरभर वर उचलायला सुमारे २० ज्यूल लागतात. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो, आणि त्यातलीही काही ऊर्जा फोकेला स्वतःलाच वर फेकण्यात खर्च होते. व्हिडिओत करंगळीएवढ्या काडीने ससा उचलण्याच्या गोष्टी ऐकल्या, तर हा हिशेब आठवावा.

लाकूड कोणतं, यालाही महत्त्व आहे. वाळलेली काठी ताठ असते, पण वाकवली की काडकन मोडते. ओली फोक लवचीक असते, पण तिचा दोष वेगळा आहे. ती तासन्‌तास वाकवून ठेवली की तिचे तंतू त्याच आकाराला रुळतात आणि ताण हळूहळू उतरतो. संध्याकाळी तडफदार वाटणारी फोक पहाटेपर्यंत मलूल झालेली असते. बांबू या बाबतीत उजवा, कारण त्याचे चिवट तंतू सालीकडच्या बाजूला दाटीने असतात. टोपल्या विणणारे बुरूड कामटी काढताना सालीचा भाग जपतात, तोही याच कारणासाठी. दोरीचंही तसंच. अंबाडीचा किंवा तागाचा दोर पावसात भिजला की फुगतो आणि आखूड होतो. विदर्भातल्या श्रावणात असा दोर ताणून ठेवला तर जनावर न येताच खटका पडण्याची शक्यता मोठी.

खरी बुद्धी खटक्यात असते. त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. फोकेची पाच किलोची ओढ त्याने रात्रभर पेलायची आणि नेमक्या क्षणी हलक्याशा धक्क्याने सोडून द्यायची. लाकडावर लाकूड घासताना पाच किलोच्या दाबाला दीड-दोन किलोचा अडसर येतो. जनावराने एवढा जोर लावावा अशी अपेक्षा ठेवली तर फास रिकामाच राहील. म्हणून खटक्याची काडी लांब ठेवून ती तरफेसारखी वापरतात. काडीचा मोकळा हात खाचेकडच्या हातापेक्षा पाचपट लांब असला तर तोच अडसर तीन-चारशे ग्रॅमच्या धक्क्याने सुटतो. उंदराच्या सापळ्यातली पोळीच्या तुकड्याची कडी हेच काम करते: मोठी ताकद लहान ताकदीच्या स्वाधीन करणं.

हे पाहायचं असेल तर त्यासाठी जीव पकडायची गरज नाही. अंगणात बांबूची चारेक फूट लांबीची कामटी जमिनीत पक्की रोवा. शेंड्याला सुतळी बांधा. तिच्यावर बोटभर लांबीची आडवी खुंटी बांधून घ्या आणि तिच्या पुढे सुतळीचा सरकता फास करा. जमिनीत दुसरी एक जाड मेख ठोका आणि तिच्या कडेला खालच्या बाजूने खाच पाडा. कामटी वाकवून आडवी खुंटी त्या खाचेखाली अडकवा. आता फासातून अर्धा लिटर पाण्याची बाटली ओढून पाहा. खाचेचा कोन थोडा बदलला की खटका किती नाजूक किंवा किती हट्टी होतो, हे पाच मिनिटांत कळेल. तोंड मात्र कामटीच्या वर आणू नका. सुटलेली कामटी डोळा फोडू शकते. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला ऊर्जा, तरफ आणि घर्षण एकत्र शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत साठ हजार वर्षांहून जुन्या थरांत लहान हरणांची हाडं मोठ्या संख्येने सापडली. दाट झाडीत राहणारी ती हरणं भाल्याने मारणं अवघड, म्हणून तिथली माणसं फास लावत असावीत, असा लिन वॉडली या पुरातत्त्वज्ञ बाईंचा २०१० मधला तर्क आहे. दोर आणि काठी दोन्ही कुजून जातात, त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळणं कठीणच. पण फासाचा विचार करायला एक विशेष बुद्धी लागते. आपण हजर नसताना, पुढे केव्हातरी, एक विशिष्ट प्राणी विशिष्ट जागी पाऊल टाकेल, हे आज ठरवावं लागतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा निघाला आणि मध्य प्रांतात राहिला. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९१६ मध्ये निघाला. त्यात पारध्यांच्या फासाचं वर्णन आहे, आणि ते व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतः पाहून लिहिलेलं आहे. मोर, सारस आणि माळढोक यांच्यासाठी पारधी एका लांब दोरीला ओळीने फास बांधत. प्रत्येक फासाला लाकडाची छोटी मेख असे. फास उघडा राहावा म्हणून त्याच्या पोटात हरणाच्या शिंगाची पातळ, लवचीक पट्टी घातलेली असे.

इथे वाकवलेलं झाड नाही, खाच नाही, खटकाही नाही. कमानीचं काम ती शिंगाची पट्टी करते, आणि तीही फासाच्या आतच. मघाचा तीन-चारशे ग्रॅमचा हिशेब आठवला तर याचं कारण उलगडतं. शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा लावा खटका पाडू शकत नाही. मोर पाडू शकेल, पण तो खटक्याच्या काडीकडे येईलच कशाला? पक्ष्यासाठी खटका नको, फक्त उघडा, हलका, न दिसणारा फास हवा, हे कळण्यासाठी पक्षी कसा चालतो हे आधी कळावं लागतं.

बॉलचं पुढचं वर्णन तर फासापेक्षाही बोलकं आहे. पारध्याबरोबर शिकवलेला बैल असे आणि डोळ्यांपुरती भोकं पाडलेला, मातकट रंगाचा कापडी पडदा असे. मोरांचा थवा दिसला की बैलाच्या वेसणीची दोरी हातात धरून, पडद्याआड राहून तो त्यांच्याभोवती फिरे. चरणारा बैल पाहून मोर बिथरत नसत. तेवढ्यात तो फासांची माळ जमिनीत रोवून टाके, मग उलट्या बाजूला जाऊन स्वतःला मुद्दाम दाखवी. मोर पळत सुटत ते थेट फासांकडे. फास नुसता ठेवून निघून जाणं हा प्रकारच नव्हता. मोर उडण्याआधी पळतो, कुठल्या दिशेला पळतो, बैलाला भीत नाही पण माणसाला भितो, किती अंतरावर सावध होतो, हे सगळं माहीत असलेला माणूस त्या फासाचा खरा खटका होता. विकत घेणारा भेटेपर्यंत पक्षी जिवंत ठेवण्यासाठी मोराच्या पापण्यांतून पीस ओवून त्याला आंधळं करण्याची क्रूर रीतही बॉलने नोंदवली आहे. या विद्येचं कौतुक करताना ती गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

पुढे कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धतींचा अभ्यास केला. तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरासारख्या मोठ्या जनावरामागे जात. वैदू मासे धरत आणि आमिष लावलेल्या सापळ्यांत मुंगूस, रानमांजर यांसारखे छोटे मांसभक्षक पकडत. फासेपारधी काळवीट आणि लावे-तित्तरांसारखे पक्षी फासात धरत. एकाच माळावर फिरणाऱ्या तिघांनी आपापली शिकार जणू वाटून घेतली होती. आमिष आणि सापळा यांची जोडी वैदूंकडे होती, हेही इथे ध्यानात घेण्याजोगं आहे. मांसाच्या वासाने येणारं जनावर आमिष ओढतं, त्यामुळे खटका चालतो. गवत खाणाऱ्या जनावराला भर पावसाळ्यात आमिषाची काय गरज? त्याच्यासाठी वाटच ओळखावी लागते.

गाडगीळांनी आणखी एक रीत नोंदवली आहे. फासात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी ती सोडून देत. ही रीत पाळायची तर शिकाऱ्याला फासाजवळच थांबावं लागतं. लावून घरी गेलेल्या माणसाला सोडण्याची संधीच मिळत नाही. पुढच्या तारेच्या गोष्टीत हा फरक निर्णायक ठरतो.

आता वाट चुकलेल्या माणसाकडे वळू. सेलू तालुक्यात हिंगणीपलीकडे बोर धरणाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातला सर्वांत छोटा म्हणून ओळखला गेला. साग, तेंदू, मोह, धावडा, बांबू असं हे पानगळीचं रान आहे. त्याच्या बाहेरही कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांत जंगलाचे पट्टे आहेत, आणि मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला माणसं तिथे जातात. समजा, एप्रिल-मे महिन्यात कुणी एकटा वाट चुकला. त्याने पहिलं काम फास लावण्याचं करावं का?

उत्तरासाठी वर्धेबाहेर जायची गरज नाही. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९४३ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, १० फेब्रुवारी ते ३ मार्च असा एकवीस दिवसांचा उपवास केला. तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. पाणी आणि त्यात थोडा फळांचा रस एवढ्यावर ते तगले. सेवाग्रामपासून काही मैलांवर, पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, औषध आणि पाणी तिन्हींचा त्याग केला. साधारण आठवडाभरात, १५ नोव्हेंबरला, त्यांनी देह ठेवला. ते आजारी होते, वयही ८७ होतं, त्यामुळे ही दोन उदाहरणं तराजूच्या दोन पारड्यांत घालायची नाहीत. पण शरीराचा क्रम त्यांतून दिसतो. अन्नावाचून माणूस आठवडे काढू शकतो. पाण्यावाचून, सावलीत स्वस्थ पडूनही, काही दिवसच. आणि वर्धेच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. तिथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

त्यातून फासाचं गणित पाहा. दोन किलोचा ससा मिळाला तर साधारण किलोभर मांस निघेल. त्यातून हजार-बाराशे कॅलरी मिळतील, म्हणजे मोठ्या माणसाची अर्ध्या दिवसाची गरज. त्यासाठी फोका शोधायच्या, तोडायच्या, खाचा पाडायच्या आणि एक नव्हे, अनेक फास लावायचे, कारण बहुतेक रिकामेच राहतात. या श्रमाचा घाम वेगळा. वर मांस पचवायला शरीराला जादा पाणी लागतं. सशाच्या मांसात चरबी नावालाच असते. नुसत्या त्याच मांसावर राहणाऱ्याला पोटभर खाऊनही जुलाब आणि अशक्तपणा येतो, हे उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. बर्फाळ प्रदेशात महिनोन्‌महिने एकटं राहणाऱ्या शिकाऱ्यासाठी फास हा व्यवसाय होता. वर्धेच्या उन्हात एक रात्र अडकलेल्या माणसासाठी तो नुकसानीचा सौदा आहे.

मग करायचं काय? आधी थांबायचं. घाबरून वाट शोधत धावणारा माणूस शोधणाऱ्यांपासून लांब जातो. दुपारचं ऊन सावलीत काढायचं, डोकं आणि मान कापडाने झाकायची. मोबाइलला जराशी जरी रेंज असली तरी ११२ वर फोन लावायचा, आणि तो लागला नाही तर बॅटरी वाचवायची. पाणी शोधायचं ते नाल्यात. नाला वर कोरडा दिसला तरी वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे वाळू ओलसर किंवा झाडी जास्त हिरवी, तिथे हाताने झिरा खोदला तर पाणी मिळण्याची शक्यता असते. रानातल्या पाणवठ्यावर पहाटे आणि संध्याकाळी जाऊ नये. तेव्हा तो वाघ, अस्वल आणि रानडुकरांचा असतो. चांगलं उजाडल्यावर, पण ऊन तापण्याआधी, मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत जावं. पहाटे कान देऊन ऐकावं. १३८ चौरस किलोमीटरचं जंगल गोल मानलं तर मध्यापासून कडा साडेसहा किलोमीटरवर येते. कोंबडा, ट्रॅक्टर, देवळातला भोंगा, गुरांच्या घंटा यांपैकी काहीतरी कानावर येऊ शकतं, आणि त्या आवाजाने वाट दाखवली तर उन्हं चढण्याआधी चालावं.

खाण्याची चिंता करायचीच तर ती झाडांकडे पाहून करावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे जमिनीवर पडलेली असतात आणि त्यांत भरपूर साखर असते. एप्रिल-मेमध्ये तेंदूची टेंभरं आणि चारं पिकतात. बेलाचं फळ उन्हाळ्यात, सीताफळ दिवाळीच्या आसपास, बोरं हिवाळ्यात. पण मोहाखाली अस्वलही येतं, म्हणून पहाटेच्या अंधारात तिथे जाऊ नये. आणि ज्या फळाची खात्री नाही ते तोंडात घालू नये. उपाशी राहणं विषबाधेपेक्षा केव्हाही बरं.

कायद्याचा प्रश्नही सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात फास किंवा सापळा लावून वन्यप्राणी पकडणं तर येतंच, तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे रिकामा फासही गुन्हा ठरू शकतो. ससा, लावा, तित्तर यांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेल्यास सूट आहे, पण ती हल्ल्यापासून बचावासाठी. भुकेचा उल्लेख तिथे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. काळवीट आणि मोर त्याच अनुसूचीत येतात.

या कायद्याची सावली पारध्यांच्या घरावरही पडते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारत होता. तो १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांनी शिकारीवर कायद्याची बंधनं आली. ती यायलाच हवी होती, कारण माळ आणि माळावरचे प्राणी दोन्ही झपाट्याने संपत होते. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शाळा नव्हती, आणि फास हेच एक कसब होतं, त्यांना त्या कसबाच्या बदल्यात काय दिलं गेलं? वर्धा, अमरावती, यवतमाळच्या पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, गेलं तर या प्रश्नाचं उत्तर आजही समाधानकारक मिळत नाही. प्राण्यांना संरक्षण देताना त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त जाणणाऱ्या माणसांना आपण संशयित ठरवलं, ही मोठी चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

तसं व्हायची गरज नव्हती, याची उदाहरणं जवळच आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथल्या ‘संवेदना’ या संस्थेने कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम केलं. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी कुठे येतो, कोणत्या गवतात राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बिहारमधल्या मीरशिकार समाजातले अली हुसेन हे पक्षी पकडण्यात तरबेज. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे पिढीजात फास आणि जाळी कामी आली. पक्षी धरायचा, कडी घालायची, सोडून द्यायचा. फास तोच, फक्त त्याच्यापाशी थांबलेल्या माणसाचा हेतू बदलला.

आज आपल्या रानाला धोका आहे तो या जुन्या फासाचा नाही. तो आहे मोटारसायकलच्या क्लच वायरचा आणि वावराभोवती सोडलेल्या जिवंत विजेचा. वायरचा फास कुजत नाही, सैल होत नाही, आणि लावणारा माणूस जवळ नसतो. डुकरासाठी किंवा भेकरासाठी लावलेल्या तारेत काय सापडेल यावर कुणाचंच नियंत्रण राहत नाही. मोठं जनावर हिसका देऊन तार मेखेपासून तोडतं, पण फास गळ्यात राहतो आणि दिवसेंदिवस मांसात रुतत जातो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात गळ्यात तार अडकलेली वाघीण दिसली, आणि तिला बेशुद्ध करून ती तार काढावी लागली. जगभर हेच चाललं आहे. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधल्या संरक्षित जंगलांत १ कोटी २३ लाख फास असावेत, असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफने २०२० मध्ये मांडला. पायाखाली फास आणि वर पाखराचा आवाज नाही, अशी तिथली कित्येक जंगलं झाली आहेत.

विजेच्या तारेची सर्वांत ठळक घटना वर्धा जिल्ह्यातलीच आहे. ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले केलेली एक तरुण वाघीण पकडून जुलै २०१७ च्या अखेरीस बोरच्या जंगलात सोडण्यात आली. तिथे ती रमली नाही. शेकडो किलोमीटर भटकत राहिली, पुन्हा माणसांवर हल्ले झाले, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, प्रकरण न्यायालयात गेलं. मारण्यासाठी नेमलेल्या पथकाच्या हाती ती लागली नाही. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या सिंदी विहिरी गावच्या शिवारात, कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेने मेला होता.

तार लावणारा कास्तकार बहुतेक वेळा शिकारी नसतो. रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एका रात्रीत हरभरा संपवतो. डुकरं कपाशी आणि भुईमूग उकरतात. रात्ररात्र जागल करून माणूस थकतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण त्याने निवडलेला उपाय त्याच्याच घरावर उलटतो. घरच्या वीजवाहिनीचा २३० व्होल्टचा प्रवाह सतत वाहत असतो, आणि ओल्या मातीत उभ्या असलेल्या देहातून त्याचा लहानसा अंशही गेला तर हृदय बंद पडू शकतं. मग ते डुकराचं असो, वाघाचं असो की पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याचं. विदर्भात अशा तारेने माणसंही मेली आहेत, त्यांत तार लावणारेही आहेत. सौर कुंपणाचं झटका मशीन वेगळं असतं. त्यात व्होल्ट हजारांत असले तरी धक्का सेकंदाला एखादाच आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा असतो. जनावर दचकतं, वेदना होते, ते मागे फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी राज्य सरकारच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. मेनलाइनला जोडलेली तार आणि झटका मशीनची तार दिसायला सारख्याच असतात, म्हणून मशीन नेहमी प्रमाणित, कंपनीचंच घ्यावं. घरी जुळवाजुळव करून बनवू नये.

रानात, धुऱ्यावर किंवा नाल्याच्या वाटेवर तारेचा फास दिसला तर तो उपटायला जाऊ नका. आधी तार विजेला जोडलेली नाही ना हे लांबूनच पाहा, जवळ जाऊ नका, जागेचा फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फासात जनावर अडकलेलं असेल तर गर्दी करू नका. तुमच्या हालचालीने ते जास्त धडपडतं आणि फास आणखी आवळतो. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ‘करुणाश्रम’ हे केंद्र वर्ध्याला लागून पिपरी (मेघे) इथे आहे. पण प्राणी हलवण्याचं काम वनविभागाच्या माणसांनाच करू द्या. आणि शेजारच्या वावरात कुणी रात्री तार सोडतो हे माहीत असेल, तर ते आजच सांगा. उद्या त्या तारेवर कुणाचा पाय पडेल, हे तार लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.